फळ्यावरचे वाक्य

डिसेंबर २०२३चा दुसरा आठवडा. स्टाफरूममधल्या लांब टेबलाभोवती आम्ही पाच जण बसलो होतो. जानेवारीतल्या आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेचा विषय ठरवायचा होता आणि पत्रे त्याच आठवड्यात टपालात पडायला हवी होती. टेबलावर स्पर्धेची जुनी नोंदवही होती, लाल कापडी पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली. विषय, विजेते, परीक्षक, चहापाण्याचा खर्च, सगळे वर्षानुवर्षे एकाखाली एक लिहिलेले. मराठीच्या मॅडम त्यातले आर्थिक विषय वाचून दाखवत होत्या. ‘जागतिकीकरण : शाप की वरदान’. ‘खासगीकरण देशाला तारक की मारक’. ‘शेतीला उद्योगाचा दर्जा मिळालाच पाहिजे’. ‘नोटाबंदी : यश की अपयश’.

मी अर्थशास्त्र शिकवतो, आणि यातले दोन विषय मीच सुचवलेले होते. पण त्या दिवशी ते लागोपाठ ऐकताना एक गोष्ट लख्ख दिसली. यातल्या एकाही विषयात कोणी काही करत नाही. जागतिकीकरण म्हणजे नक्की कोणी काय करायचे? आयातकर कमी करायचा? कोणत्या मालावरचा? तो कमी झाला की कोणाचा धंदा बसणार आणि कोणाला माल स्वस्त मिळणार? विषयच हे विचारत नाही, म्हणून विद्यार्थीही विचारत नाहीत. मग सात मिनिटांत कवितेच्या चार ओळी, एक संस्कृत सुभाषित, अब्दुल कलामांचे एखादे वाक्य आणि शेवटी ‘म्हणूनच म्हणावेसे वाटते’. मुले हुशार असतात. त्यांच्या हातात आपण जे वाक्य देतो तेच पोकळ असते.

त्या आठवड्यात आमच्या जिल्ह्यात दुसरे काही बोललेच जात नव्हते. ८ डिसेंबरपासून केंद्राने कांद्याची निर्यात थांबवली होती, ३१ मार्चपर्यंत. लिलाव बंद पडले, रास्ता रोको झाले, भाव कोसळले. वर्गात माझ्यासमोर बसणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांच्या घरी कांदा. तेव्हा विषय कांद्याचा, यावर दोन मिनिटांत एकमत झाले. वाक्य ठरवायला मात्र साडेतीन तास लागले. हा लेख त्या साडेतीन तासांचा आहे.

आधी स्पर्धेची रीत सांगितली पाहिजे, कारण तिच्यावर पुढचे बरेच अवलंबून आहे. मराठी वादविवादात बहुतेक ठिकाणी एका महाविद्यालयाचे दोन स्पर्धक येतात, एक अनुकूल बोलतो, एक प्रतिकूल. सांघिक करंडकासाठी दोघांचे गुण एकत्र धरतात. विषय तीन-चार आठवडे आधी कळतो. म्हणजे जे दोघे व्यासपीठावर एकमेकांचे मुद्दे खोडणार, तेच दोघे एसटीत शेजारी बसून एकाच फाइलमधून तयारी करत येतात. मला ही रीत फार आवडते. इंग्रजी संसदीय पद्धतीच्या स्पर्धांत विषय १५ मिनिटे आधी जाहीर होतो. तिथे हजरजबाबीपणाचा कस लागतो, अभ्यासाला तेवढी जागा उरत नाही. आपल्याकडे जागा आहे, पण विषय एका बाजूला कललेला असला की ती वाया जाते. वहीतच पुरावा होता. एका वर्षी वैयक्तिक तिन्ही बक्षिसे प्रतिकूल बाजूला गेली होती. त्या वर्षी सगळी अनुकूल मुले एकदम कच्ची होती, असे कसे म्हणायचे?

राज्यशास्त्राचे सर उठले आणि फळ्यावर पहिले वाक्य लिहिले : ‘केंद्र सरकारने कांद्याची निर्यातबंदी तातडीने उठवावी.’

वाक्य चांगले होते. कोणी करायचे ते होते, काय करायचे ते होते. पण उपप्राचार्यांनी विचारले, स्पर्धेच्या आदल्या दिवशी सरकारने बंदी उठवली तर? सभागृहात दीडशे माणसे आणि विषय मेलेला. शिवाय आमच्या जिल्ह्यात या वाक्याच्या विरुद्ध उभे राहायचे म्हणजे गावाविरुद्ध उभे राहायचे. सभागृह आधीच एका बाजूला बसलेले.

भौतिकशास्त्राचे सर दरवर्षी घंटा आणि घड्याळ सांभाळतात, विषयाच्या चर्चेत सहसा पडत नाहीत. ते म्हणाले, ‘‘बंदी काय पहिल्यांदा आली का?’’ या प्रश्नाने बैठक वळली.

पहिल्यांदा नव्हतीच. सप्टेंबर २०१९मध्ये बंदी आली आणि मार्च २०२०मध्ये उठली. सप्टेंबर २०२०मध्ये पुन्हा आली, १ जानेवारी २०२१ला उठली. ऑगस्ट २०२३मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरचे किमान निर्यात मूल्य आणि डिसेंबरात सरळ बंदी. एकोणीसच्या बंदीनंतर बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या, तेव्हा आपण आचाऱ्याला कांद्याशिवाय स्वयंपाक करायला सांगितले आहे, असे त्यांनी भर सभेत हसत सांगितले होते. म्हणजे प्रश्न या बंदीचा नाहीच. भाव चढला की सरकारचा हात निर्यातीच्या दोरीकडे जातो, ती सवय हा खरा प्रश्न. बंदी उद्या उठली तरी सवय उरते, आणि वाद सवयीवर घालता येतो.

इथे मला अमेरिकेतल्या महाविद्यालयीन वादविवादाची एक गोष्ट आठवली आणि मी ती टेबलावर सांगितली. तिथे धोरणात्मक वादविवादाची एक परंपरा आहे. देशभरातल्या महाविद्यालयांना सबंध वर्षभर एकच ठराव. आधी वेगवेगळ्या विषयक्षेत्रांवर सविस्तर टिपणे लिहिली जातात : या क्षेत्रात वाद कशाचा आहे, दोन्ही बाजूंना साहित्य किती आहे, प्रश्न वर्षभर जिवंत राहील का. त्यावर महाविद्यालये मतदान करतात. क्षेत्र ठरले की समिती ठरावाचे निरनिराळे मसुदे करते आणि त्यांवर पुन्हा मतदान होते. म्हणजे विषय निवडणे हे पहिले काम आणि वाक्य निवडणे हे दुसरे, वेगळे काम. एकच संघ एका फेरीत बाजूने आणि पुढच्या फेरीत विरुद्ध बोलतो, त्यामुळे शब्द इकडचा तिकडे झाला तर वर्षभर भोगावे लागते.

त्यांच्या जुन्या ठरावांची यादी वाचण्यासारखी आहे. १९३०-३१चा ठराव : राष्ट्रांनी मुक्त व्यापाराचे धोरण स्वीकारावे. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेने स्मूट-हॉली कायदा करून आयातकर प्रचंड वाढवले होते, म्हणजे वेळ अचूक साधली होती. पण ‘राष्ट्रांनी’ म्हणजे कोणी? सगळ्यांनी एकदम? आमच्या ‘जागतिकीकरण’चाच हा दोष. वीस वर्षांनंतरचे वाक्य बघा. १९५१-५२चा ठराव : संघराज्य सरकारने वेतन आणि किंमत नियंत्रणाचा कायमस्वरूपी कार्यक्रम स्वीकारावा. कोरियाचे युद्ध चालू होते आणि तात्पुरती नियंत्रणे आधीच लागू झाली होती. नियंत्रण असावे का, एवढेच विचारले असते तर चालू बातमीवर भांडण झाले असते. ‘कायमस्वरूपी’ या एका शब्दाने प्रश्न युद्धाच्या पलीकडे नेला. पुढे १९७०-७१मध्ये सक्तीच्या वेतन-किंमत नियंत्रणाचा ठराव पुन्हा आला. ते वादवर्ष संपून काही महिने झाले नाहीत तोच, १५ ऑगस्ट १९७१ला अध्यक्ष निक्सन यांनी ९० दिवसांसाठी वेतन आणि किमती गोठवल्या. वर्षभर दोन्ही बाजूंनी बोललेल्या त्या मुलांनी ते भाषण कसे ऐकले असेल, याचा मी अनेकदा विचार करतो. देशात त्या दिवशी त्या निर्णयाचे गुणदोष त्यांच्याइतके पाठ असलेली माणसे फार नसतील.

मॅडम म्हणाल्या, ‘‘मग आपला ‘कायमस्वरूपी’ कोणता?’’

‘यापुढे.’ तो शब्द फळ्यावर चढला. वाक्य झाले : ‘केंद्र सरकारने यापुढे कांद्याच्या निर्यातीवर बंदी घालू नये.’ बातमी काहीही आली तरी हे वाक्य टिकणार होते. पण मला ते प्रतिकूल बाजूवर अन्याय करणारे वाटले. बंदीचे समर्थन करणे अवघड आहे, निदान अर्थशास्त्राच्या हिशेबाने. परदेशी गिऱ्हाइकाला एकदा कळले की भारताचा माल कधीही बंद होतो, की ते पाकिस्तान, चीन, इजिप्तकडे वळते आणि सहजी परतत नाही. शुल्काचे किंवा किमान मूल्याचे समर्थन त्या मानाने सोपे. तेव्हा तिन्ही हत्यारे वाक्यात आणली : बंदी, शुल्क, किमान मूल्य. ‘यांपैकी कोणताही निर्बंध घालू नये.’ या ‘कोणताही’ने तराजू सावरला. अनुकूल वक्त्याला आता तिन्ही हत्यारे सरकारच्या हातून काढून घ्यावी लागणार, आणि मग ८० रुपये किलोच्या दिवशी शहरातल्या गरिबाचे काय, याचे उत्तरही द्यावे लागणार. प्रतिकूल वक्त्याला तीनपैकी एक वाचवले तरी पुरे. आमच्या जिल्ह्यात प्रतिकूल वक्ता सभागृहाच्या रोषाचे ओझे घेऊन उभा राहतो. त्याला वाक्यात तेवढी सवलत हवीच होती.

उरला हेतू. राज्यशास्त्राच्या सरांनी वाक्याच्या सुरुवातीला ‘भाव आवरण्यासाठी’ हे शब्द घातले. त्याने युद्ध, रोगराई, शेजारी देशाशी बिघडलेले संबंध, या सगळ्या पळवाटा बंद झाल्या. साडेपाचला फळ्यावर हे उभे होते :

‘भाव आवरण्यासाठी केंद्र सरकारने यापुढे कांद्याच्या निर्यातीवर बंदी, शुल्क वा किमान मूल्य यांपैकी कोणताही निर्बंध घालू नये.’

वाचायला जड आहे, निमंत्रणपत्रिकेवर शोभत नाही, असे उपप्राचार्य म्हणाले. खरे आहे. तरी त्यांनी सही केली. त्यांना धास्ती वेगळीच होती, ती त्यांनी जाताना दारात बोलून दाखवली : सरकारविरोधी कार्यक्रम म्हणून कोणी बोट दाखवले तर? ही धास्ती खोटी नाही. अमेरिकेत १९५४-५५चा ठराव होता की कम्युनिस्ट चीनच्या सरकारला राजनैतिक मान्यता द्यावी. वेस्ट पॉइंटच्या लष्करी आणि ॲनापोलिसच्या नौदल अकादमीने आपल्या विद्यार्थ्यांना त्यावर बोलू दिले नाही. ज्या वेस्ट पॉइंटमध्ये १९४७ साली राष्ट्रीय वादविवाद स्पर्धा सुरू झाली, त्याच वेस्ट पॉइंटने. १९७२ साली अमेरिकेचे अध्यक्षच चीनला गेले आणि १९७९पासून ती मान्यता मिळाली. मी उपप्राचार्यांना एवढेच म्हटले, की आपल्या वाक्यात पक्ष नाही. २०१९, २०२०, २०२३ एवढेच नव्हे, १९८०चे चाकणचे कांदा आंदोलन आणि १९९८ची कांद्याच्या भावावर गाजलेली दिल्लीची निवडणूकही त्यात येते. कांद्याने सगळ्यांचीच परीक्षा घेतली आहे.

यजमान महाविद्यालयाचा संघ आमच्याकडे बोलतो, पण करंडकासाठी धरला जात नाही. आमचे दोघे होते, दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आणि तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा. दोघांनाही अनुकूल हवे होते. चिठ्ठ्या टाकल्या. चांदवडकडच्या कांदा उत्पादकाच्या त्या मुलीला प्रतिकूल आले. ती काही बोलली नाही, चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली.

लिलाव सुरू झाल्यावर एका सकाळी मी दोघांना लासलगावला घेऊन गेलो. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची रांग, ओल्या मातीचा आणि सालीचा वास. व्यापाऱ्यांचा घोळका ट्रॉलीपाशी येतो, एक जण वरचे चार कांदे उचलतो, एक दाबून बघतो, पुकारा सुरू होतो आणि मिनिटभरात घोळका पुढच्या ट्रॉलीकडे सरकतो. चार महिन्यांच्या कामाचा भाव त्या मिनिटात ठरलेला असतो. शेतकऱ्याच्या हातात चिठ्ठी. मुलाने एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारले, भाव नाही तर थांबवा ना, कांदाचाळीत ठेवा. त्यांनी त्याच्याकडे नीट बघितले आणि ट्रॉलीतला एक कांदा उचलून त्याच्या हातात दिला. ‘‘लाल हाय बाळा हा. उन्हाळ नाही. ह्याला चाळ सोसत नाही.’’

सगळा वाद या एका वाक्यात होता. एप्रिल-मेमध्ये निघणारा उन्हाळ कांदा चाळीत पाच-सहा महिने टिकतो. वजनात घट येते, काही सडतो, पण शेतकरी भावाची वाट बघू शकतो. डिसेंबरात बाजारात असतो तो खरिपाचा लाल कांदा. तो टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. त्यामुळे डिसेंबरातली बंदी आणि जुलैतली बंदी एकाच कागदावर एकाच शब्दात लिहिलेली असली तरी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुस्तकात मी गेली कित्येक वर्षे ‘पुरवठ्याची लवचिकता’ शिकवतो. त्या मुलाच्या तळहातावर ती त्या सकाळी कांद्याच्या वजनाची होती.

परतताना मुलगी गाडीत म्हणाली, ‘‘सर, मी बंदीचं समर्थन करणार नाही. जमणारच नाही.’’ मी म्हटले, वाक्य परत वाच.

स्पर्धेच्या दिवशी बावीस महाविद्यालये आली होती. बरीच भाषणे अपेक्षेप्रमाणे झाली. अनुकूल बाजूच्या तिघांनी बळीराजाला साद घातली आणि गुण घालवले. पण वाक्याने आपले काम केले होते. बहुतेकांना ते सोडून भटकता आले नाही. एका मुलाने सरकारच्या राखीव साठ्याचा मुद्दा काढला. २०२३मध्ये तो तीन लाख टनांवरून पाच लाख टनांवर नेला होता. निर्यात न रोखता, योग्य वेळी साठा बाहेर काढून भाव आवरता येतो, असे त्याचे म्हणणे. पुढच्या प्रतिकूल वक्त्याने त्याला विचारले, तो साठा बाजारात ओतला की लासलगावचा भाव पडत नाही का? मग तुमचा शेतकरी वाचला कुठे? सभागृहात कुजबूज झाली. हा प्रश्न आम्हा पाच जणांपैकी कोणालाही सुचला नव्हता.

आमची मुलगी अकरावी बोलायला आली. तिचे वडील मागच्या रांगेत बसले होते, टोपी मांडीवर ठेवून. तिने सुरुवातीलाच सांगून टाकले की ती बंदीच्या बाजूने बोलणार नाही. ठरावात तीन निर्बंध आहेत, त्यांतले दोन ती सोडून देते आणि एकच वाचवते, शुल्क, तेही आधी जाहीर केलेल्या भावाच्या वर गेल्यावरच लागणारे आणि लाल कांद्याच्या हंगामात न लागणारे. शुल्कातून येणारा पैसा कांदाचाळींच्या अनुदानाला जावा. मग ती थांबली आणि तिच्या आत्याविषयी बोलली. आत्या कल्याणला राहते, पोळीभाजीचे डबे करून देते. कांदा चढला म्हणून डब्याचा दर आत्याला वाढवता येत नाही, कारण गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. ती भाजीत कांदा कमी करते आणि मग गिऱ्हाईक चवीबद्दल बोलते. ‘‘माझ्या घरात एका टोकाला कांदा पिकतो आणि दुसऱ्या टोकाला तो विकत घेतला जातो. ठराव मला सांगतो की दुसऱ्या टोकाकडे सरकारने कधीच बघायचं नाही. ‘कोणताही’ हा शब्द माझ्या आत्यासाठी फार मोठा आहे.’’ सहाव्या मिनिटाची घंटा झाली तेव्हा टाळ्या कोणीच वाजवल्या नाहीत. सगळे ऐकत होते.

बाहेर चहाच्या वेळी मी जवळच उभा होतो. तिचे वडील म्हणाले, ‘‘ताईचं बरोबर बोललीस. पण आपलं कोण बोललं मग?’’

‘‘तो बोलला ना, आप्पा. आमच्याच कॉलेजचा. त्याच्या भाषणातली चाळीची गोष्ट मीच त्याला सांगितली.’’

पुढे मार्चनंतरही राहिलेली बंदी मे २०२४मध्ये उठली, ४० टक्के शुल्क आणि ५५० डॉलर किमान मूल्य ठेवून. सप्टेंबरात किमान मूल्य गेले, शुल्क निम्म्यावर आले. १ एप्रिल २०२५पासून शुल्कही गेले. आमच्या ठरावातले तिन्ही निर्बंध पंधरा-सोळा महिन्यांत एकेक करून काढले गेले. ‘यापुढे’चे काय होणार, ते पुढच्या महागाईत कळेल.

या वर्षीची बैठक गेल्या महिन्यात झाली. विषय मॅडमनी आणला. जुलै २०२४पासून राज्यात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत महिलांना दरमहा १५०० रुपये मिळतात. त्यावर ‘शाप की वरदान’ कोणीच म्हणाले नाही, याचे मला फार बरे वाटले. मी अमेरिकेचा १९६७-६८चा ठराव सांगितला : संघराज्य सरकारने सर्व नागरिकांना किमान वार्षिक रोख उत्पन्नाची हमी द्यावी. दोनच वर्षांनी निक्सन यांनी तशा स्वरूपाची योजना मांडली, ती प्रतिनिधीगृहात मंजूर झाली आणि सिनेटमध्ये अडली. त्याच सुमारास महाराष्ट्राने दुसरी वाट धरली होती. बहात्तरच्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी उभी राहिली, १९७७मध्ये तिचा कायदा झाला. अमेरिका रोख पैशावर वाद घालत होती तेव्हा आपण काम देत होतो. मग वाक्य तसेच धरले : ‘राज्य सरकारने महिलांना दरमहा रोख रक्कम देण्याऐवजी त्यांच्या गावात किमान वेतनावर कामाची हमी द्यावी.’

‘‘पैसे कुठून?’’ भौतिकशास्त्राचे सर.

या प्रश्नाला रोजगार हमीकडे उत्तर होते. १९७५ साली त्यासाठी व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या पगारदाराने गावातल्या मजुराच्या कामाचे पैसे द्यायचे, असे सरळ लिहिले गेले. तो कर आजही आम्हा सगळ्यांच्या पगारपत्रकावर आहे, दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. मी फळ्यावर पुढे लिहिले, ‘आणि त्याचा खर्च व्यवसाय कर वाढवून भागवावा.’ टेबलाभोवती थोडा वेळ कोणी बोलले नाही. वाक्य पहिल्यांदाच आमच्या खिशापर्यंत आले होते.

राज्यशास्त्राच्या सरांनी खडू मागितला. राज्यघटनेच्या कलम २७६ने या कराला वर्षाला २५०० रुपयांची मर्यादा घातली आहे, आपण ती गाठलेलीच आहे, राज्य सरकारला ती ओलांडता येत नाही. त्यांनी माझे शब्द पुसले आणि ‘आणि त्याचा खर्च’ एवढेच ठेवले. पुढची बैठक बुधवारी आहे. फळा कोणी पुसू नये म्हणून मॅडमनी कोपऱ्यात ‘राखीव’ लिहून ठेवले आहे.